कुसुमाखालच्या वाट्या

उकव्याच्या जंगलात शिरलं की लोकांची नजर झाडीत वाघ शोधते. शालिनीताई मात्र पदर खोचून गुडघ्यांवर बसायच्या आणि पाचोळा दूर सारू लागायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, कॉलेजच्या सहलीत. बालाघाटच्या कॉलेजात मी नुकतीच हिंदी शिकवायला लागले होते, त्या वनस्पतिशास्त्राच्या.

"काय हरवलं, ताई?"

"हरवलं नाही, सापडलं. बस खाली. साडीचं काय, धुतली का निघते."

घाटातल्या वळणावर एक जुनं कुसुमाचं झाड होतं. त्याखाली कुजत पडलेल्या फांदीवर शर्टाच्या बटणाएवढ्या बुरशीच्या वाट्या उगवल्या होत्या. आतून शेंदरी, बाहेरून पांढरी लव. ताईंनी हलकेच फुंकर घातली. क्षणभर काहीच झालं नाही. मग एका वाटीतून धुरासारखी बारीक रेघ वर गेली.

"बीज उडवून राह्यली," ताई कुजबुजल्या. "बुरशीचं लेकरू असंच घराबाहेर पडते."

त्या परिसरातली कितीतरी कुसुमाची झाडं त्यांनी पालथी घातली होती, पण ही वाटी या एकाच झाडाखाली यायची. कोणत्याही पुस्तकातल्या वर्णनाशी ती जुळत नव्हती. नागपूरला बुरशीचे एक जाणकार त्यांच्या ओळखीचे होते. ते फोनवर सारखे म्हणायचे, नमुना पाठवा. ताईंचं उत्तर ठरलेलं, "औंदाचा पावसाळा पाहू, मंग पाठवू." एका वर्षी रंग जरा फिका वाटला. दुसऱ्या वर्षी लव कमी वाटली.

"पण नवीनच असली तर?" मी विचारायची.

"असली तर असली. पक्कं झाल्याबिगर तोंड उघडू नाही मानसानं."

हा त्यांचा स्वभावच. वारासिवनीत एकदा साडी घ्यायला गेलो, तर तोच रंग उजेडात पाहायला त्या सारख्या दुकानाच्या दारात जात राहिल्या आणि शेवटी रिकाम्या हातानं परतल्या. अर्ध्या गुणासाठी पेपर पुन्हा पुन्हा वाचायच्या. मुलं हसायची, पण त्यांच्या हातून अन्याय होणार नाही हे मुलांना ठाऊक होतं.

एका उन्हाळ्यात आम्ही बैहरच्या बसमध्ये होतो. घाटातलं वळण आलं आणि ताई जागेवरून उठल्या. रस्ता रुंद झाला होता. कुसुम नव्हतं. त्यांनी बस थांबवायला लावली. खाली मुरूम पसरणाऱ्या माणसाला विचारलं, फांद्या कुठे गेल्या?

"लकड़ी तो डिपो चली गई, मैडम. कचरा जला दिया."

कपाटात वाळवून ठेवलेले नमुने होते, पण त्यांना कीड लागली होती. उरलेसुरले तुकडे त्यांनी नागपूरला धाडले. फोन आला, "वेगळं वाटतंय खरं, पण एवढ्यावरून सांगता येत नाही. ताजं पाठवा." पुढचा सगळा पावसाळा ताई कुसुमाखाली वाकून हिंडल्या. काही मिळालं नाही.

"मले वाटे, झाड कुठं जाते?" परतताना एकदा त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "उद्या माह्यासंग वारासिवनीले येशीन? माह्या भावाकडं जायचं आहे."

इतक्या वर्षांत त्यांनी भावाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. वडील गेल्यावर दोघांत काहीतरी बिनसलं होतं, एवढंच त्यांनी सांगितलं.

दार दादांनीच उघडलं. थकलेले, हातात काठी. बहिणीकडे पाहत राहिले.

"इतके वर्ष काहून नाही आली?"

"चूक कोनाची होती, ते पक्कं करून राह्यली होती, दादा."

"मंग? झालं पक्कं?"

"नाही."

दादा बाजूला सरले. "ये. चहा मांडतो."

त्यानंतर ताई दर रविवारी वारासिवनीची बस धरू लागल्या. जाताना भावासाठी डब्यात काहीबाही न्यायच्या, आणि सोमवारी स्टाफरूममध्ये दादांचे किस्से सांगायच्या. थंडी पडायला लागली आणि एका सकाळी हृदयविकाराच्या झटक्यानं त्या गेल्या.

दादांना कळवायला मीच गेले. ते ओट्यावर बसले होते. ऐकलं आणि काठी भिंतीला टेकवली.

"आता कुठं यायले लागली होती ना ते," एवढंच म्हणाले.