बेल न वाजवता थांबलेली बस

हीटरवर वाळत घातलेल्या ओल्या लोकरीचा वास आला की मला ब्रिटनमधल्या कार्डिफची ती बस आठवते. लग्न करून पुण्याहून नुकतीच आले होते, गाडी चालवता येत नव्हती आणि नवऱ्याची हॉस्पिटलमधली ड्युटी कधी संपेल त्याचा भरवसा नसायचा, म्हणून भाड्याच्या घरासाठी माझी एकच अट होती, बस अगदी दारात हवी. एजंट म्हणाला, आधीच्या आजीबाईंनीही बससाठीच हे घर घेतलं होतं, शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. पक्कं करण्याआधी आम्ही त्या बसने जाऊन बघितलं. नोव्हेंबरची दुपार, पण बाहेर अंधारलेलं, बसमध्ये ओल्या लोकरीचा वास, आणि आम्ही दोघंच. स्टॉप जवळ आला, मी बेल दाबायला हात उचलला, तेवढ्यात बस आपणहून थांबली. दार उघडलं. आम्ही अजून सीटवरच होतो. मान न वळवता ड्रायव्हर प्रेमाने म्हणाला, "माइंड द स्टेप, लव्ह," म्हणजे पायरी जपून हं, आणि म्हाताऱ्या माणसाला उतरायला लागेल तेवढा वेळ थांबला. उतरल्यावर मी विचारलं, "तो कोणाशी बोलला रे?" नवरा म्हणाला, "तुझ्याशीच, अजून कोण आहे?" वाऱ्याची झुळूकही नव्हती, पण आम्ही बघायला आलेल्या त्या रिकाम्या घराचं फाटक हलत होतं. तरी घर घेतलं. बस दारात होती ना! राहायला गेलो त्या दिवशी दूध उतू जाऊ दिलं, मग चहाचे दोन नाही, तीन कप भरले. आता मला गाडी येते. तरी कधी बसने घरी आले, तर दार उघडल्यावर मी जरा थांबते, आधी आजीबाईंना उतरू देते.