रित्या हातानं कसं धाडायचं

ओल्या तंबाखूचा वास आला की कॉलेजचे ते प्रिन्सिपॉल आठवतात. मुलींना शास्त्राचा वर्ग खुला करून ते निवृत्त होणार होते, आणि मला त्या वर्गात धाडा म्हणून सांगायला कॅसलरॉक स्टेशनावर उतरून रानातून चालत आमच्या घरी आले. पायांना जळवा चिकटल्या होत्या. आई तंबाखूचं पाणी लावून त्या सोडवत होती. बाबा म्हणाले, “पोरगी शिकून बेडकं कापनार व्हय, सायेब?” प्रिन्सिपॉल थकून हसले. “कापेल की. पण पुढच्या वर्षी विचारायला मी नसेन.” आई म्हणाली, “आवो, एवढं रगत देऊन आलाय मानूस, रित्या हातानं कसं धाडायचं?” आणि मी गेले. आज प्रिन्सिपॉल वारल्याचं कळलं. माझ्या वर्गाला सुट्टी द्यावी, असं वाटलं. पण मुली बेडूक घेऊन वाट पाहत होत्या.