पापलेटांच्या बर्फातले हातमोजे

आईला गुलमर्गला नेऊन बर्फावरच्या स्कूटरवर बसवायचं, म्हणून मी हातमोज्यांच्या तीन जोड्या मागवल्या. त्यांची वर्णनं वाचून माझं डोकं उठलं, कोणती ठेवावी ते कळेना. आई दाभोळच्या जेटीवर मासळी विकते. तिनं एकेक जोडी घालून पापलेटांच्या पेटीतल्या बर्फात हात खुपसले. जिच्यात बोटं गारठली नाहीत, ती जोडी ठेवली. वास लागलेल्या बाकीच्या आता परत कोण घेणार, म्हणून मी वैतागलो.

गुलमर्गला डोंगरावर स्कूटर थांबली. नजर पोचेल तिथवर पांढरंच होतं. आईनं ते पारखलेले हातमोजे काढले, ओंजळभर बर्फ उचलला आणि हुंगला. मग हळूच म्हणाली, "एवढा बर्फ, आणि खाली मासळी नाय."