उद्या शाळा नाही

आमच्या काळाचौकीत पाऊस फार झाला, की शाळेला सुट्टी असल्याचं सांगायला सकाळी सहाला शेवंतीमावशी यायची. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, साडी पोटरीपर्यंत खोचलेली, चपला हातात. शाळेची ती शिपाई. चाळीच्या चौकात उभी राहून ओरडायची, "आज शाळा नाय हां! ऐकलात काय?" आणि प्रत्येक मजल्यावरून कुणीतरी "ऐकलं!" म्हणेपर्यंत जागची हलायची नाही. तिसऱ्या मजल्यावरचे दगडूमामा मुद्दाम गप्प बसायचे. मग ती वर चढून त्यांची कडी वाजवायची. मामांना मूलबाळ नव्हतं, पण मजल्याचं "ऐकलं" तिला हवंच असायचं.

या "ऐकलं"चं कारण मी. तिसरीत होते. मावशी ओरडून गेली तेव्हा आई नळावर होती, हंड्याच्या आवाजात तिला काही कळलं नाही. मी दप्तर घेऊन निघाले. शाळेचं फाटक बंद, गुडघाभर पाणी, आणि मी तिथेच उभी, कारण फाटक बंद असलं तर परत फिरायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. दोन तासांनी मावशीला दिसले. तिने मला कडेवर घरी आणलं आणि आईच्या आधी स्वतःच रडली. त्यानंतर नुसतं सांगून ती कधी गेली नाही.

आणखी एक. ती नेहमी "आज" म्हणायची, "उद्या" कधीच नाही. आदल्या संध्याकाळी कितीही अंधारून येवो, आम्ही पोरं तिला घेरून विचारायचो, "मावशी, उद्या सुट्टी?" ती म्हणायची, "पावसाच्या उद्याचा काय सांगतलंस गो? दप्तर भरून ठेव." बत्तीस वर्षांत तिचा एक निरोप चुकला नाही. चाळीत म्हणच पडली होती, वेधशाळा चुकेल पण शेवंती नाही.

शाळा राहिली, मुलं गेली. गणपतीत स्टेजवरून मराठी शाळा वाचवा म्हणून घसा कोरडा करणाऱ्या आमच्या मंडळातल्या एकाचंही पोर तिथे नाही. माझंही नाही. माझा अर्णव इंग्रजी शाळेत जातो, त्याची सुट्टी ॲपवर येते, आणि मी तोंड वर करून हे लिहिते आहे.

गेल्या वर्षी पट सत्तावीसवर आला. शाळा चालवणाऱ्या संस्थेने कळवलं, जुलैत एका गुरुवारी आमची माणसं येऊन बघतील. वीस मुलं बाकांवर दिसली तर शाळा पुढे चालू, नाहीतर हे शेवटचं वर्ष. मुख्याध्यापिका मीनाक्षीबाई दादरहून येऊन घरोघरी फिरल्या. सगळे पालक "पाठवतो बाई" म्हणाले. मावशीने चारही वर्ग धुतले, बाक घासले, फळ्याला काळा रंग दिला. निवृत्तीला तिला एकच वर्ष होतं. म्हणजे शाळा बंद झाली असती तरी तिचं फारसं बिघडत नव्हतं. पण हे तिच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

त्याच वर्षी जूनमध्ये बाईंनी पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. निरोप मावशीनेच टाकायचे ठरले, कारण पालकांचा विश्वास तिच्यावर. मावशी नवा फोन घेऊन माझ्याकडे आली. हा बाण दाबला की निरोप पुढे जातो, एवढं मी शिकवलं.

"गेलो, ता खरा. पण ऐकल्यानी काय नाय, ता कसा कळतला?"

"इथे दाबून धरलंस की नावं दिसतात. ज्याच्या नावापुढे दोन निळ्या खुणा, त्याने ऐकलं."

तिला ते फार आवडलं. "जिने चढूक नकोत," म्हणाली.

बुधवारी दिवसभर पाऊस होता. संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी एक आदेश टाकला. शिक्का, सही, आणि ठळक अक्षरात: अतिवृष्टीचा इशारा, उद्या सर्व शाळांना सुट्टी. मलाही तो आला होता. अर्णवच्या ॲपवर काही नव्हतं, म्हणून मी धड वाचलाही नाही. वर बारीक अक्षरात तारीख होती. महिना जुलैच होता, साल मागचं.

मावशीने बाण दाबला. मग पुढचा तासभर फोन मांडीवर घेऊन एकेका नावापुढच्या खुणा बघत बसली. सगळ्या पालकांच्या निळ्या झाल्यावर जेवली.

बाईंनी तो निरोप पाहिला तो पहाटे. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, सूचना जुनी आहे, शाळा आहे, आणि मावशीला फोन केला. सहा वाजता चौकात तिचा आवाज आला. पाऊस साफ थांबला होता, तरी तिने खोळ घातली होती. "आज शाळा आसा! पोरांका धाडा! ऐकलात काय?"

कुणी ओ दिली नाही. सुट्टी म्हणून कुणी रात्रीच कल्याणला बहिणीकडे गेलं होतं, कुणी दिव्याला आजोळी. बरेच जण नुसते झोपले होते. ती मजले चढू लागली. दुसऱ्या मजल्यावरची दर्शना डोळे चोळत बाहेर आली. तिच्या दोन मुली त्या शाळेत. "मावशी, काल तुम्हीच सांगितलंत ना, नाही म्हणून? पोरी आत्याकडे गेल्या."

"बाईंनी लिवलानी नाय?"

"बाईंचं वाचलं हो. पण तुम्ही नाही म्हटलं म्हणजे नाहीच, असं वाटलं."

माझ्या दारात ती आली तेव्हा अर्णव टाय बांधत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मेघू, एक दिवस बसयतंस काय गो त्याका? नुसतो बसूदे."

"मावशी, त्याची युनिट टेस्ट आहे," मी म्हटलं. टेस्ट होती हे खरं. पण नसती तरी मी पाठवलं नसतं, हेही खरं, आणि तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. ती जिना उतरली.

संस्थेच्या माणसांना आठ मुलं दिसली. बाईंनी झालेला घोळ सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चहा घेतला आणि आकडा लिहून नेला. ते गेल्यावर मावशी बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, माझ्या हातून झाला."

"असं नका म्हणू मावशी. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी झालंच असतं."

बाईंनी समजुतीसाठी म्हटलं. मावशीने मला ते सांगितलं तेव्हा मात्र मला त्यातलं वेगळंच ऐकू आलं. बत्तीस वर्षं ती जिच्यासाठी धावली, ती शाळा तिच्या चुकीवाचूनही मरणारच होती, आणि तरी चूक तिच्याच नावावर राहिली. फोन तिने मला आणून दिला. "ह्या निळ्याक काय अर्थ नाय गो," एवढंच म्हणाली. बाण मीच शिकवला होता. मी फोन घेतला आणि कपाटात ठेवला.

एप्रिलमध्ये निकाल लागले. शाळा बंद होत आहे, दाखले घेऊन जावेत, असं बाईंनी ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मावशी चौकात आली. ऊन पडलेलं, अंगावर धुतलेली साडी.

"शाळा नाय हां! ऐकलात काय?"

वरून दगडूमामांनी विचारलं, "आज?"

ती पुन्हा तेच म्हणाली, "शाळा नाय." या वेळी मामांनी चेष्टा केली नाही. "ऐकलं," म्हणाले. तळमजल्यावरून कुणीतरी "ऐकलं" म्हटलं, पहिल्यावरूनही आलं. दुसऱ्यावर दर्शनाचं दार बंद होतं. ती पोरींना घेऊन नव्या शाळेच्या ॲडमिशनला गेली होती. मावशी वर बघत उभीच राहिली.

त्या मजल्यावर ओ द्यायला आता माझंच घर उरलं होतं. अर्णवची बस यायची होती, त्याच्या बुटाची नाडी माझ्या हातात होती. मी ती सोडून गॅलरीत आले.

"ऐकलं, मावशी," मी म्हटलं. तिने मान हलवली आणि ती पुढच्या चाळीकडे गेली.