छतावरची कॉफी

माझा नवरा मुक्बिल अकरा वर्षं सौदीतल्या जाझानच्या एका भटारखान्यात रोट्या लावतो. भट्टीत हात घालून घालून कोपरापर्यंत केस उरलेले नाहीत. माणूस कमी बोलतो, पण हट्टाला पेटला की गाढवाला लाजवेल. हे मी अनुभवानं सांगते.

गेले पाच आठवडे त्याची आई फोनवर येत नव्हती. तिकडे येमेनमध्ये, गावी, फोन माझी नणंद हैला उचलायची. कधी आई झोपलेली, कधी पाण्याला गेलेली, कधी तिचा घसा बसलेला. खरं म्हणजे आई गेली होती. हैलानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि शपथ घातली. परदेशात पोट भरणाऱ्याला मरणाची बातमी कळवायची नाही, अशी आमच्याकडची रीत. तो तिकडे एकटा रडणार, त्याला कोण धरणार? ऐकायला बरी वाटते रीत. निभावताना जीव जातो.

अखेर मुक्बिल म्हणाला, "शुक्रवारी सरहद्दीवर, फैफाच्या डोंगरावर जाऊ. वरून पलीकडचं आपलं घर दिसतं. तिथूनच फोन लावतो. आई आली नाही, तर तसाच पलीकडे उतरेन."

त्या उतारावरून चोरून गेलेले दोघे गेल्या वर्षी परत आले नव्हते. मी हैलाला गाठलं. "तू आईचा आवाज काढ." ती रडायलाच लागली. म्हटलं, "नंतर रड. आधी भावाला वाचव."

शुक्रवारी सकाळी मागून आणलेल्या पिकअपमधून निघालो. यह्या आणि अरवा, आमची दोन पोरं, गाणी म्हणत होती. माझ्या मांडीवर रोट्या, ठेचा, थर्मास. मुक्बिलच्या पिशवीत आईसाठी घेतलेली लोकरी शाल, तिच्या गोळ्या आणि स्वतःचे डोंगर चढायचे बूट. बघणाऱ्याला वाटावं, काय हौशी कुटुंब आहे! मी प्रत्येक वळणावर अल्लाची करुणा भाकत होते.

वरच्या गावात शेताच्या बांधावर बसलो. मुक्बिलनं दुर्बीण डोळ्याला लावली आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"आये?"

"बोल रे माझ्या काळजा." तोच खोकला, तोच दम. माझ्या अंगावर काटा आला.

"जेवलीस?"

"जेवले. तुझ्या बायकोला सांग, मीठ जरा कमी घालत जा."

सासू आयुष्यभर हेच बोलली. हैलानं तेही सोडलं नाही. मुक्बिल हसला, दुर्बीण मात्र हलली नाही.

"कॉफी उतरली यंदा?"

"उतरली की."

"छतावर वाळत घातलीस?"

"भरून घातलीय बाबा. पाय ठेवायला जागा नाही."

त्यानं दुर्बिणीचं चाक फिरवून पुन्हा नीट बघितलं. मग म्हणाला, "हलवत राहा, नाहीतर बुरशी धरेल. आणि आये, हैलाला जप. तिच्यावर फार पडलंय."

त्यानं फोन बंद केला, दुर्बीण बांधावर ठेवली आणि पोरांना रोटी मोडून द्यायला गेला.

मी दुर्बीण उचलली. शेजाऱ्यांची सगळी छतं कॉफीच्या फळांनी लाल झाली होती. आमचं छत कोरडं, मोकळं. कॉफीला आई दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही.

तो परत आला. पिशवीतून शाल काढून त्यानं माझ्या खांद्यावर टाकली.

"थंडी आहे. घे, आता तुलाच होईल."

"तुम्हाला कधी कळलं?"

"घसा बसलाय असं हैला म्हणाली तेव्हाच. आईचा घसा जन्मात कधी बसला नाही." तो समोरच्या डोंगराकडे बघत होता. "तरी वाटत होतं, छत बघावं एकदा."

"मग इतके दिवस..."

"भट्टीपाशी रडलं तर लोकांना घाम वाटतो."

बूट पिशवीतच राहिले. पोरं ठेच्यावरून भांडत होती. मी शालीत तोंड खुपसलं. तो एकटा रडेल, त्याला कोण धरेल, म्हणून लपवलं होतं. मी तर रोज रात्री त्याच्या शेजारीच झोपत होते.