पंचमीच्या दिवशीची काकडी

"सुरी उचल गं बाई," मी मनातल्या मनात म्हणत होते. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. जर्मन हाऊसमध्ये मराठी बंद.

जर्मन हाऊस म्हणजे सांगलीजवळच्या आमच्या विद्यापीठातल्या हॉस्टेलचा एक मजला. जर्मनीत नोकरी करू पाहणाऱ्या नर्सिंगच्या मुली इथे राहतात. चपलांबरोबर मराठीही दाराबाहेर ठेवायची. भांडणंसुद्धा जर्मनमध्ये. मी तिथली रेक्टर, म्हणजे अर्धी मास्तरीण आणि अर्धी फौजदार.

त्या दिवशी तोंडी परीक्षा होती. किचनमध्ये सॅलड करायचं आणि काय करतोय ते जर्मनमध्ये सांगत जायचं. लॅपटॉपवर तिकडच्या हॉस्पिटलच्या हेड नर्स. त्या हो म्हणाल्या तर नोकरी, नाही तर घरी.

पहिलाच नंबर पल्लवीचा. शिराळ्याकडची, माझी सगळ्यात तयारीची मुलगी. ती ओट्यापुढे हात बांधून उभी. समोर काकडी, सुरी. तोंडातून शब्द नाही. हेड नर्सनी पुन्हा विचारलं. तिने मान खाली घातली.

डायरेक्टर सर नियम विसरून माझ्या कानाशी मराठीत कुजबुजले. "मॅडम, हिला काही येत नाही. पुढची बोलवा."

"येतं सर. दोन मिनिटं द्या."

"बाई खोळंबल्यात तिकडं! कॉलेजचं नाक कापाल."

मी पल्लवीला हाताला धरून उंबऱ्याबाहेर नेलं. तिथे मराठी चालते.

"काय झालं गं? वाचा बसली का?"

"मॅडम, आज पंचमी हाय न्हवं," ती रडवेली झाली. "काल भावासाठी उपास धरला, आन आज सुरी धरू व्हय? त्यो तिकडं बार्डरवर हाय."

मी कपाळावर हात मारला. नागपंचमीला आमच्याकडे चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत. नागाला इजा होऊ नये, भावाला सुखी ठेव, एवढंच मागणं. आणि परीक्षेची तारीख ठरवली होती मीच.

"मग हेच सांग की त्यांना."

"हसत्याल की वं त्या!"

"हसू देत. गप्प राहिलीस तर नोकरी गेली."

ती आत गेली आणि सांगू लागली. शेत, नाग, उपास, भाऊ. अडखळत होती, पण थांबली नाही. डायरेक्टर सर घाम पुसत होते. मला आता भीती वेगळीच होती, आणि हेड नर्सकडून तोच प्रश्न आला.

"आणि त्या दिवशी पेशंटचं बँडेज कापावं लागलं तर?"

पल्लवी सुरीकडे बघत राहिली.

"कापीन," ती जर्मनमध्ये म्हणाली. "पेशंटला थांबवता येत नाही. नंतर भावाला फोन करीन. जपून राहा म्हणून सांगीन."

हेड नर्स हसल्या नाहीत. "काकडी राहू दे," म्हणाल्या. "मला बोलणं ऐकायचं होतं." पल्लवी पास झाली. बाकीच्या मुलींनी बिनचिरल्या काकडीवर परीक्षा दिली.

हल्ली तारीख देण्याआधी मी भिंतीवरचं कॅलेंडर बघते. डायरेक्टर सरही बघतात, पण ते सुट्ट्यांसाठी.

परीक्षेच्या त्या संध्याकाळी मी कुंडलला राहणाऱ्या माझ्या भावाला फोन लावला.

"काय गं, आज कशी काय आठवण झाली?"

"सहज. जपून राहा."

सकाळी घाईत मी दुधी चिरला होता.