बुडालेल्या जहाजातली चूल

माझी लेक दूर थंड देशात राहते. समुद्रात बुडालेली जुनी जहाजं दाखवायला ती लोकांना पाण्याखाली नेते. मध्यंतरी तिने मला फोनवर एका जहाजाचा व्हिडिओ पाठवला. हिरवट पाणी, लोखंडी जिना, गोल खिडक्या. विचारू की नको असं करत दोन दिवस गेले. शेवटी विचारलं, "त्यात चूल कुठे असते गं?"

ती हसली. "आई, लोक इथे तोफा बघायला येतात."

पण पुढच्या खेपेला तिने चूल शोधलीच. लाटांनी भांडी घसरू नयेत म्हणून तिला कठडा होता. त्यात एक पातेलं अडकलं होतं, झाकणासकट.

"उद्या उघडून बघू का?"

जहाजावरची माणसं जेवून बुडाली की उपाशी, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. तरी तोंडून निघालं, "नको. न विचारता दुसऱ्याचं पातेलं उघडू नये."

"मग तुला कळणार कसं?"

खरंच, कसं कळणार? पण विचारायचं तरी कोणाला?